ललिताच्या गाडीचा काटा

ललिता गेल्याचा फोन आला तेव्हा दामू एका टेम्पोखाली पाठीवर आडवा होता. त्याची बायको पडघ्याला आरोग्य केंद्रात नर्स होती. ड्युटीवरच कोसळली, डोक्यातली शीर फुटली.

सकाळी ती रिक्षानं गेली होती. गाडी मुद्दाम त्याच्या गॅरेजात ठेवून.

"मिस्त्री, जगाच्या गाड्या बघता, आज माझी बघा. लिटरला तेरावर आलीय."

"संध्याकाळी बघतो, सिस्टरबाई."

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले आणि दामूनं त्या गाडीचं बॉनेट उघडलं. तीस वर्षांचा मिस्त्री तो. बायकोनं सांगितलेलं शेवटचं काम अर्धवट राहिलं असतं, तर पुन्हा पान्हा हातात धरायची लाज वाटली असती.

एअर फिल्टर बदलला, प्लग बदलले, टायरची हवा बघितली. चाकं जॅकवर घेऊन हातानं फिरवली; ब्रेक कुठं धरत नव्हते. टाकी काठोकाठ भरून पडघ्याला दोन फेऱ्या मारल्या, पुन्हा भरली. तेराच.

तिसऱ्या फेरीत त्याचं लक्ष टेंपरेचरच्या काट्याकडं गेलं. वीस किलोमीटर झाले तरी काटा तळालाच. ललितानं हे मागंच विचारलं होतं.

"अहो, हा वर का येत नाही?"

"चांगलंय की. गाडी तापत नाही म्हणजे तब्येत ठणठणीत."

"काय मिस्त्री! ताप आला तरच पेशंट आजारी असतो का? अंग गार पडलं की आम्ही जास्त धावतो."

तेव्हा तो हसला होता. चहाच्या टपरीवर चार जणांना सांगूनही हसला होता.

दामूनं गाडी बाजूला घेतली. इंजिन नीट तापेपर्यंत पाणी अडवून धरतो तो थर्मोस्टॅट त्यानंच काढून टाकला होता. उस्तादानं शिकवलं होतं, काढला की ट्रॅफिकमध्ये गाडी तापत नाही. पण गार इंजिन पेट्रोल जास्त खातं. गाडीचं अंग गार पडलं होतं, आणि ते ओळखलं होतं नर्सनं.

धामणकर नाक्यावर हितेशचं स्पेअर पार्टचं दुकान आहे. तो डोळे मोठे करून म्हणाला, "थर्मोस्टॅट? तुम्हाला? दामूशेठ, तुम्ही तर दिसला की उपटून फेकता!"

"फेकत होतो. ललितानं पकडलं."

"भाभींनी?"

"मग! तिचं निदान कधी चुकलं नाही."

थर्मोस्टॅट बसवला. पाच-सात मिनिटांत काटा मध्यावर येऊन थांबला. टाकी भरून पुन्हा तीच फेरी. साडेसतरा.

आता गॅरेजात कुणी ॲव्हरेजची तक्रार घेऊन आलं, की दामू आधी काटा बघतो आणि मान ताठ करून सांगतो, "हा फॉल्ट माझ्या बायकोनं काढला. मला तीस वर्षांत जमलं नव्हतं."

मग जुन्या गिऱ्हाइकांना तो स्वतःच फोन करू लागला. अकरा गाड्यांत थर्मोस्टॅट परत बसवून झाले. त्यानं काढलेले बाकीचे अजून बसवायचे आहेत.