न दाबलेला बर्गर

माझ्या सासऱ्यांना बाजारात सगळे चर्रवाले म्हणायचे. त्यांचं बर्गरचं दुकान होतं. बर्गर तव्यावर टाकायचा, उलथन्याने असा दाबायचा की चर्र आवाज पार कोपऱ्यापर्यंत गेला पाहिजे, आणि मग मान वर करून बघायचं, कोण वळलंय. वळलेला माणूस खाल्ल्याशिवाय पुढे जात नसे. दुकानाला पाटी होती, पण ती कधी कोणी वाचली असेल असं मला वाटत नाही.

आता त्याच माणसाला पाण्याचा घोट गिळायची मारामार होती. घशात गाठ निघाली, रेडिएशन झालं, गाठ गेली, डॉक्टर खूश झाले. पण गाठीबरोबर तोंडातली लाळही गेली. कोरडं काही घशाखाली उतरेना. लाल मांस तोंडात घातलं की गंजलेला खिळा चघळल्यासारखं वाटतं म्हणायचे. कोंबडीच्या वासानेच तोंड फिरवायचे. पातळ पेज, सूप, दूध, तेही दोन घोट घेतले की पेला बाजूला. एकदा जोरात ठसका लागला, तेव्हापासून त्यांनी चावायचं कामच सोडून दिलं. अंगावरचा शर्ट खुंटीला टांगल्यासारखा दिसायला लागला.

दवाखान्यात गिळायचं शिकवणाऱ्या एक बाई आहेत. आम्ही घरात त्यांना गिळणाऱ्या बाई म्हणतो, त्यांना ठाऊक नाही. त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, सोमवारच्या तपासणीपर्यंत बाबा काहीतरी चावून, ठसका न लागता खायला लागले तर अजून थांबू, नाहीतर थेट पोटात नळी बसवावी लागेल. त्यात घाबरण्यासारखं काही नाही, पुष्कळ लोक नळीवर तगतात आणि पुढे जेवायलाही लागतात, असंही त्या म्हणाल्या. मला पटलं. बाबांना नाही पटलं. ते ओरडले असते तर मी भांडले असते, भांडायला मी कुणाला ऐकत नाही. पण त्यांनी रुमालाची घडी घालता घालता हळूच सांगितलं, "नळी घाला हवी तर. मग मला घरी मात्र आणू नका."

त्यानंतर घरात कुणी नळीचं नाव काढलं नाही.

गेल्या आठवड्यात ते आपणहून बोलले, बर्गर असेल तर बघतो. इतक्या महिन्यांत त्यांनी स्वतः मागितलेली ही पहिली गोष्ट. लाल मांस चालणार नव्हतं म्हणून गिळणाऱ्या बाईंनी टर्की पक्ष्याचं मांस सुचवलं. टर्कीचं नाव ऐकून बाबांनी नाक मुरडलं. टर्की म्हणजे भुसा, म्हणाले, आणि आयुष्यात कधी दुकानात येऊ दिली नाही ती आता घरात आणताय. पण नको म्हणाले नाहीत.

मी गाडी चालवायला शिकवते. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात आणि जीव माझ्या मुठीत, हा माझा रोजचा धंदा. तेव्हा स्वयंपाकात काही मी सुगरण नाही, पण चुकांची मला सवय आहे. आठवडाभर मी टर्कीचे बर्गर बिघडवले आणि नवऱ्याने निमूटपणे खाल्ले. छातीचा खिमा घेतला तर खरोखरच भुसा होतो, हे कळल्यावर मांडीचा खिमा आणायला लागले. पावाचा तुकडा दुधात भिजवून त्याचा लगदा करायचा, कांदा किसून पाण्यासकट घालायचा, गार लोणी किसून मिसळायचं, मीठ शेवटी. बोटांच्या टोकांनी एकत्र करायचं, मळायचं नाही. मळलं की रबर. वडा थापून मधोमध अंगठ्याने खळगा करायचा आणि फ्रीजमध्ये ठेवायचं. मग मंद आच, झाकण आणि गप्प बसणं. सगळ्यात अवघड काम ते शेवटचं.

कारण बाबांच्या अंगात ताकद नव्हती. आतून कच्चा राहिला तर पोटात काय जाईल आणि काय होईल, सांगता येत नव्हतं. जास्त झाला तर कोरडा, आणि कोरडा म्हणजे ठसका. मांसात खुपसून आतली उष्णता मोजायचा काटा आणला होता, त्याची सुई हिरव्या पट्ट्यात गेली की झालं. हिरव्याच्या अलीकडे धोका आणि पलीकडेही धोका.

रविवारी संध्याकाळी मी दोन बर्गर थापले, एक बाबांचा आणि एक हाताशी. पहिला तव्यात टाकला, झाकण ठेवलं आणि तेवढ्यात फोन वाजला. गिळणाऱ्या बाई उद्याची वेळ सांगायला फोन करत होत्या. नवऱ्याला म्हटलं, तू फक्त उभा राहा, कशाला हात लावू नकोस. आणि बाहेरच्या खोलीत गेले.

बाई सांगत होत्या, ताठ बसवा, घास लहान द्या, प्रत्येक घासानंतर घोटभर पाणी. बाबा तिथेच खुर्चीत बसले होते, शेजारी सासूबाई. त्यांनी स्वयंपाकघराकडे मान वळवली.

"गॅस पेटवलाय ना रे? आवाज नाही आला."

उत्तरादाखल आतून चर्र आवाज आला. लांब, भरदार, दुकानातल्यासारखा. बाबांच्या चेहऱ्यावर हसू उमटलं. फोन तसाच हातात धरून मी आत पळाले. नवऱ्याच्या हातात उलथनं होतं आणि बर्गर चपटा झाला होता. आत राहायला हवा होता तो सगळा रस तव्यावर उड्या मारत होता.

मी काही बोलायच्या आत बाबा स्वतःहून उठून टेबलाशी येऊन बसलेसुद्धा. कितीतरी दिवसांनी. नवरा माझ्याकडे बघत होता, आता त्यांना परत पाठवू नकोस असं त्याच्या डोळ्यांत होतं. शिकाऊ माणसाने चूक केली की पायाखालचा ब्रेक दाबायचा, हे मला कुणी शिकवायला नको. त्या दिवशी मी दाबला नाही. काटा खुपसला, सुई पट्टा ओलांडून गेलेली, तरी मी ताटली पुढे ठेवली.

पहिला घास चावला गेला. दुसरा चावता चावता बाबा थांबले. त्यांचे डोळे मोठे झाले. आधी आवाजच आला नाही, आणि तेच भयंकर होतं. मग ते खोकायला लागले, लाल झाले, टेबलाची कड घट्ट धरली. सासूबाईंनी त्यांना पुढे वाकवलं आणि पाठीवर तळहाताने मारलं, परत मारलं. मी दवाखान्याचा नंबर लावायला घेतला होता. मग तो तुकडा ताटलीत पडला आणि बाबांनी घरघरत श्वास ओढला.

मग ताटली सरकवून म्हणाले, झालं. उठून खुर्ची खिडकीकडे फिरवली आणि आमच्याकडे पाठ करून बसले.

नवरा माझ्यामागे स्वयंपाकघरात आला.

"नळी घालू दे. मी हे परत बघणार नाही."

"तू दाबलास तो," मी म्हटलं.

"त्यांना ऐकायचं होतं गं."

मला त्याला फाडून खायचं होतं. जीभ तयार होती. पण त्याचं तोंड बघितलं आणि जमलं नाही. हाच मुलगा शाळा सुटली की दुकानात जाऊन त्या तव्याशेजारी अभ्यास करायचा. आवाज आला म्हणजे बाप ठीक आहे, एवढंच त्याला लहानपणापासून माहीत. बापासाठी म्हणून त्याने दाबला, आणि बाप त्याच्यासमोर गुदमरला. मी त्याला जवळ घेतलं. तो म्हणत राहिला, बस झालं, आता बस झालं. खरं सांगायचं तर मलाही वाटायला लागलं होतं की बस झालं.

सासूबाई आत आल्या. त्या कमी बोलतात, आणि मी त्यांच्या वाटचंही बोलते, त्यामुळे आमचं बरं चालतं. त्यांनी फ्रीज उघडला, दुसरा बर्गर काढला आणि माझ्या हातात दिला.

"तू कर. त्यांना मी आणते."

नवरा म्हणाला, आई, नको. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

मला एक युक्ती सुचली. आवाजच हवाय ना, तर आवाज देऊ. एका तव्यावर कांदा टाकला, मोठ्या आचेवर, छान चरचरायला लागला. दुसऱ्यात लोणी, त्यात बर्गर, मंद आच, वर झाकण. बाबा सासूबाईंचा हात धरून दारात आले, नाराजीनेच. तिथे थांबून त्यांनी कान दिला.

"हा कांदा आहे," ते म्हणाले. "मला काय खुळा समजता?"

मी कांद्याखालचा गॅस बंद केला. तो हळूहळू गप्प झाला. मी स्टूल पुढे ओढलं आणि त्यांना शेगडीजवळ बसवलं. झाकण उचलून दाखवलं. लोण्याचे बारीक बुडबुडे येत होते, कान जवळ नेला तर ऐकू येतील एवढेच. बाबांनी वाकून पाहिलं. असा मुका बर्गर शिजतो का, म्हणाले. मी म्हटलं, शिजतोय.

त्यांचा हात पुढे गेला आणि त्यांनी ओट्यावरचं उलथनं उचललं.

कोणी हललं नाही. हात बारीक झाला होता पण पकड तीच, अंगठा दांड्यावर, मनगट सैल. ते उभे राहिले. उलथनं बर्गरवर आलं आणि वरच्या बाजूला टेकलं. नवऱ्याने माझा दंड धरला. आता तिसरा बर्गर नव्हता, आणि उद्या सकाळी दवाखाना होता.

"बाबा, दाबू नका," मी म्हटलं. माझा आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा बराच बारीक निघाला. "तुमच्या दुकानातल्या मांसाला चरबी होती. दाबून थोडं गेलं तरी मागे पुष्कळ उरायचं. ह्याच्यात आहे ते एवढंच आहे."

ते तसेच उभे राहिले. उलथनं तिथेच. मला त्यांच्या दंडाची शीर दिसत होती. आयुष्यभर जे केलं ते हातातून काढून टाकायला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे, मी तेच शिकवून पोट भरते. मग उलथनं घसरत खाली आलं, बर्गरखाली गेलं, आणि बाबांनी तो अलगद उलटला. झोपलेल्या बाळाची कूस बदलावी तसा. खालची बाजू सोनेरी झाली होती. त्यांनी उलथनं खाली ठेवलं आणि स्टुलावर बसले.

मग वाट पाहणं. काटा खुपसला, सुई पट्ट्याच्या अलीकडे. झाकण ठेवलं. बाबांची नजर तव्यावर, आमची त्यांच्यावर. परत पाहिलं, जराशी अलीकडे. नवरा हळूच म्हणाला, झाला असेल. मी नाही म्हटलं. पुढच्या वेळी सुई हिरव्यात शिरली आणि मी गॅस बंद केला. पण लगेच कापला तर रस वाहून जातो, म्हणून झाकणाखाली तसाच ठेवला. ते थांबणं मला सगळ्यात जड गेलं.

पावाचा फक्त खालचा अर्धा भाग मी तव्यातल्या रसात बुडवून मऊ केला. त्यावर बर्गर, वर तो गप्प झालेला कांदा. सासूबाईंनी त्यांना ताठ बसवलं आणि पाण्याचा पेला हाताशी ठेवला. बाबांनी नखाएवढा तुकडा काढला. कापलेल्या जागेतून रस ताटलीत आला. आत कुठे गुलाबी नव्हतं, मी वाकून वाकून पाहिलं.

त्यांनी चावायला सुरुवात केली. फार वेळ चावलं. नवरा भिंतीकडे तोंड करून उभा होता. मग गळ्याचं हाड वर गेलं, तिथेच अडल्यासारखं थांबलं, माझा उजवा पाय आपोआप फरशीवर दाबला गेला, आणि हाड खाली आलं. बाबांनी पाण्याचा घोट घेतला. खोकला आला नाही.

दुसरा घास. तिसरा. अर्धा संपला तेव्हा त्यांनी मान वर केली, दुकानात करायचे तशीच, आणि नवऱ्याला म्हणाले, "इकडे वळ की. काय भिंत बघतोस?" तो वळला. डोळे पुसायचं त्याला सुचलं नव्हतं.

"दाबायचो ते गिऱ्हाइकासाठी रे," बाबा म्हणाले. "घरच्या माणसाला कशाला आवाज लागतो."

"घरच्या माणसाला तुम्ही कधी करून घातलात?" सासूबाई म्हणाल्या. रागाने नाही, भाव विचारावा तसं. "एप्रन धुतले मी तेवढे. रोजचा वास माझा, चव गिऱ्हाइकाची."

बाबांनी उरलेला अर्धा बर्गर ताटलीसकट सासूबाईंपुढे सरकवला. मी लगेच मध्ये पडले. म्हटलं, बाबा, तो तुमच्या अंगाला लागायला हवा, उद्या वजन करणार आहेत, हे लाड नंतर. माझं कोणी ऐकलं नाही. सासूबाईंनी पदराआड न जाता, सरळ हाताने उचलून घास घेतला. सावकाश खाल्ला. मग मान हलवली, बरा झालाय अशी.

"सूनबाई," बाबा म्हणाले, "उद्या दवाखान्यातून घरी आलो की परत कर. दोन कर."

घरी आलो की, म्हणाले ते. मी लगेच नवऱ्यावर ओरडले. खिमा संपलाय, खाटकाचं दुकान आत्ता बंद होईल, आणि मांडीचाच आण, छातीचा आणलास तर बघ. तो पिशवी घेऊन केव्हाच जिना उतरला होता.