चार बोटं आखूड झालेलं वल्हं

मी वल्हं बोलतोय. मासेमारीच्या होडीचं नव्हे, शर्यतीचं. ड्रॅगन बोटीचं. त्या लांबलचक होडीत वीस जण दोन-दोन करून बसतात, पुढे एक जण ढोल बडवतो, मागे एक जण सुकाणू धरतो आणि मधे आम्ही पाणी ओढायचं. पाणी मागे गेलं की होडी पुढे जाते. एवढं साधं काम. पण साधं काम माणसाच्या हातात पडलं की साधं राहत नाही.

लाकूड असून एवढा तोरा कशाला, असं तुम्हाला वाटेल. मी जे बघितलं ते बघितलं असतंत तर तुम्हीही असंच बोलला असतात.

माझा मालक विश्वजीत. आष्ट्याजवळ कृष्णाकाठी त्याचं गाव. घरात आई शालूबाई, धाकटा भाऊ शंभूराज आणि शेजारीच राहणारी आत्या हरणाबाई. गावाच्या बोट क्लबात ठरलं की ज्यानं त्यानं आपलं वल्हं घ्यायचं. मग सगळी टोळी सांगलीला खेळाच्या दुकानात गेली. दुकानदारानं आधी कार्बनचं काळं वल्हं दाखवलं. हातात घ्यावं तर पिसासारखं. किंमत ऐकल्यावर सगळ्यांनी ते तान्हं मूल ठेवावं तसं हळूच खाली ठेवलं. मग त्यानं प्लास्टिकच्या पात्याची वल्ही काढली. लाल, पोपटी, भगवी. झालं! पोरं तुटून पडली.

दांडा पिळून कुणी बघितला नाही. पात्याचा जोड कुणी चाचपला नाही. माप तर कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आप्पासो नावाच्या एका शूरवीरानं वल्हं खांद्यावर धरून स्वतःचा फोटो काढला, बघितला आणि म्हणाला, "भगवंच द्या. फोटूत उठून दिसतंय."

हेच लोक म्हैस घ्यायला बाजारात जातात तेव्हा दात बघतात, कास चाचपतात, चार पावलं चालवून बघतात. वल्हं मात्र रंगावर घेतात. आणि महिन्याभरात पातं दांड्यापाशी डुगडुगायला लागलं की दुकानदाराला शिव्या देतात.

विश्वजीत एकटा हात हलवत परत आला. त्याला टिकाऊ वल्हं हवं होतं आणि परवडणारंही हवं होतं. या दोन गोष्टी एकत्र मागणाऱ्याला दुकानात कोणी विचारत नाही. तो एक तुटकं वल्हं नमुना म्हणून घेऊन आष्ट्याला बशीरचाचाच्या कारखान्यात गेला. बशीरचाचा पलंग आणि दारं करतात आणि करताना सगळ्या गावाची उणीदुणी काढतात.

"विशू, ह्ये काय आनलंस रं? वल्हं हाय का उलथनं? कुठल्या राक्षसाच्या भाकरी उलटायच्यात?"

"चाचा, हसू नगा. जमंल का तेवढं सांगा."

"दार जमतंय, पलंग जमतोय, तर ह्ये काय अवघड हाय?"

अवघडच गेलं. पहिलं वल्हं त्यांनी दाराच्या फळीसारखं केलं. ते उचलायलाच दोन माणसं लागली असती. दुसऱ्याची मूठ गळून पडली. तिसरा मी. पातळ पट्ट्या एकीला एक चिकटवून माझा दांडा केला, म्हणजे उन्हानं वाकू नये. पात्याच्या कडेला फायबरच्या कापडाची पट्टी लावली, म्हणजे दगडाला घासलं तरी कड उडू नये. मग विश्वजीत बाकावर ताठ बसला. त्यानं मला उलटं धरलं, मूठ बाकावर टेकवली आणि पातं वर केलं. दांडा संपून पातं जिथं सुरू होतं तो सांधा बरोबर त्याच्या नाकासमोर आला. वल्ह्याचं माप असं बघतात.

"बसलं!" तो म्हणाला. एखाद्याला नोकरी लागावी तसा चेहरा झाला होता त्याचा.

त्यानंतर नदी आली. बरे दिवस होते ते. माणसं मात्र होती तशीच होती. घाटावरून होडी ढकलायची तर हातानं ढकलावी. हे लोक वल्ह्यानं दगडाला रेटा देत. दमले की पात्यावर बसत. एकदा शर्यत जिंकल्यावर आप्पासोनं आपल्या भगव्या वल्ह्यानं रश्श्याचं पातेलं ढवळलं आणि रस्सा वल्ह्याच्या रंगानं भगवा झाला की तिखटानं, यावर रात्रभर वाद घातला. काठावर उभे राहणारे तर त्याहून थोर. ज्यांनी आयुष्यात बादलीभर पाण्यात पाय घातला नाही, ते ओरडून शिकवत, "आरं, खोल मार, खोल!" नदीत मगर दिसली की हेच सगळ्यात आधी घरी पळत.

विश्वजीत मला कोरडं पुसून सावलीत ठेवी. एवढंच करावं लागतं. त्याच्याशिवाय कुणी केलं नाही.

आता ती संध्याकाळ. सराव संपवून तो मोटारसायकलवरून आष्ट्याच्या रस्त्यानं निघाला होता. मला त्यानं टॉवेलनं पाठीवर आडवं बांधलं होतं. रस्त्याच्या कडेला उसानं भरलेली ट्रॉली उभी होती. मागे दिवा नाही, चमकणारी पट्टी नाही, चाकाला लावलेला दगड तेवढा होता. ड्रायव्हर चहा प्यायला गेला होता. पट्टी लावायला किती वेळ लागतो? ज्याला ट्रॉलीवर गाण्याचे कर्णे बांधायला वेळ मिळाला, त्याला तेवढा मिळाला नाही.

माणसं जमली. निम्म्यांच्या हातात मोबाइल. एकानं वाकून मला उचललं, उलटसुलट केलं आणि म्हणाला, "वल्ह्याला बघा, साधा वरखडा न्हाई. काय टिकाऊ बनावट हाय!"

त्याच्या पायाशी विश्वजीत होता.

टिकाऊ म्हणून माझं कौतुक झालं ते असं आणि अशा जागी. त्या दिवसापासून हा शब्द कुणी उच्चारला की मला किळस येते.

पुढं जे होतं ते झालं. चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला. त्यावर विश्वजीतचा चेहरा सुपारीएवढा आणि शोक करणाऱ्या पुढाऱ्यांचे चेहरे परातीएवढे. मला घरात त्याच्या फोटोशेजारी खिळ्यांवर चढवलं. हरणाबाईनं माझ्या पात्याला हळद-कुंकू लावलं. हार घातला. ओल्या फुलांचं पाणी झिरपून कडेची पट्टी सुटायला लागली, ते कुणाला दिसलं नाही. येणारा-जाणारा हात जोडी. मी वल्हं आहे, देव नाही. पाण्यातल्या वस्तूला भिंतीवर वाळत घालायचं आणि वर तिच्या पाया पडायचं, याला हे लोक प्रेम म्हणतात.

आता धाकट्याचं सांगतो. शंभूराज. शाळा नववीत सोडलेली, डोकं तापलेलं, हात कायम काहीतरी फोडायच्या तयारीत. दादा गेल्यावर तो कुणाशी बोलेना. एक दिवस त्यानं मला खिळ्यावरून ओढलं, हार जमिनीवर पडला, आणि तो थेट घाटावर गेला. होडीत विश्वजीतची जागा मोकळी होती. तिथं जाऊन बसला. सुकाणू धरणारे नानासो क्लबाचे कप्तान. त्यांनी त्याला बसू दिलं. त्या जागेवर दुसरं कुणी बसायला तयारही नव्हतं.

पण शंभू भावापेक्षा वीतभर बुटका. मी त्याला लांब. वरचा हात त्याच्या डोक्याच्या वर जाई, खांदा आखडे, घाव उशिरा पडे. वीस वल्ही एकदम पडायला हवीत, तिथं एकोणीस पडत आणि मग मी. पुढच्या आप्पासोच्या पाठीत माझं पातं बसे.

"आरं ए, पाणी तिकडं हाय! माझी पाठ धुतोस व्हय?"

पोरं हसली. शंभूनं मला उगारलं. नानासोंनी होडी काठाला घेतली.

"शंभ्या, खाली उतर. ह्ये वल्हं तुझ्या मापाचं न्हाई."

"दादाचं हाय."

"ठावं हाय मला. म्हनून इतकं दिवस गप बसलो. साताऱ्याला धरनावर राज्याच्या शर्यतीची निवड हाय, पुढच्या महिन्यात. तुझ्या एकट्यापायी एकोणीस पोरं मागं ठिवू? मापाचं वल्हं आन, न्हाईतर जागा सोड."

"जागा न्हाई सोडनार आन् वल्हं बी न्हाई."

"मग होडी तुझ्या एकट्याच्या नावावर करून घी जा," नानासो म्हणाले आणि त्याला काठावर ठेवून निघून गेले.

त्यानं काय करावं? रागाच्या भरात सांगलीला गेला आणि त्याच दुकानातून भगवं वल्हं घेऊन आला. बाकावर बसून नाकाशी धरून बघितलं नाही. गावाचं वागणं अंगात मुरलेलं असतं. तिसऱ्या दिवशी दांडा पिळला गेला, पातं एकीकडं आणि मूठ एकीकडं बघायला लागली. ते त्यानं नदीत भिरकावलं. नदीनंही घेतलं नाही, काठाला आणून टाकलं.

मग तो मला घेऊन बशीरचाचाकडे आला. "चाचा, चार बोटं कापा."

बशीरचाचांनी मला हातात घेतलं, पण या खेपेला टोमणा न मारता परत शंभूच्या हातात दिलं. म्हणाले, "न्हाई रं पोरा. त्येच्या मापाचं केलंय. मेलेल्याच्या चीजेवर करवत चालवू? तुझी आय काय म्हनंल?"

"आयला इचारलं न्हाई."

"मग इचारून ये."

विचारायला गेला तर घरात हरणाबाई बसलेली. तिनं ऐकलं आणि कपाळ बडवून घेतलं. "आवं वयनी, ऐकलं का? भावाची आठवन कापायला निघालाय ह्यो! आज वल्हं, उद्या फोटू बी कापंल!"

शंभू दारात उभा. मी त्याच्या हातात. त्याची बोटं माझ्या दांड्यावर पांढरी पडली होती. आईनं नाही म्हटलं असतं तर त्यानं मला तिथंच उंबऱ्यावर आपटलं असतं आणि होडीचं नावही पुन्हा घेतलं नसतं. एवढं मला दांड्यातून कळत होतं.

शालूबाई मटकी निवडत होती. महिनोन्‌महिने ही बाई घरात असून नसल्यासारखी होती. तिनं ताट बाजूला सारलं.

"हरणावन्सं, ह्येच्या अंगात शर्ट कुनाचा हाय?"

"कुनाचा म्हंजी? विशूचा."

"बाह्या कुनी आखूड केल्या?"

हरणाबाई शंभूच्या बाह्यांकडं बघायला लागली.

"मी केल्या. त्येची विजार केली, त्येचं सोटर उसवून इनलं. विशूचं जे व्हतं त्ये सगळं कापूनच ह्येच्या अंगावर आलं, जलमल्यापास्नं. तवा कुनी ऊर बडवला न्हाई. आन् वल्ह्याला काय सोनं लागलंय?" मग शंभूकडे वळली. "बघत काय उभा ऱ्हायलास? जा. आन् नीट माप दिऊन कापून घी. शर्टावानी ढगळ ठिवू नगंस."

शंभू रडायला लागला, तोंड उघडून, लहान पोरासारखा. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदाच. आईनं त्याला जवळ घेतलं नाही. मटकीचं ताट पुढं ओढलं आणि खडे शोधू लागली. पण तिला खडे सापडत नव्हते, ते मी बघितलं.

मला कापलं. आधी मूठ उपटली, मग दांड्यावर करवत फिरली. दुखतं का म्हणाल तर हो. चार बोटांचा तुकडा भुशात पडला आणि भुशाबरोबर झाडला गेला. बशीरचाचांनी मूठ परत बसवली, सुटलेली पट्टी चिकटवली, आणि शंभूला बाकावर बसवून सांधा नाकासमोर येतो का ते स्वतः वाकून बघितलं. आला.

साताऱ्याजवळच्या धरणावर आम्ही चौथे आलो. निवड पहिल्या तीन संघांचीच होणार होती. शंभू पहिल्या घावापासून उगाच जोर करत होता, मूठ आवळून धरत होता आणि अर्ध्या वाटेतच त्याचा दम गेला. त्याला अजून काही येत नाही. भावाच्या नखाची सर नाही. पण वीस वल्ही एकदम पडली. मी मागे राहिलो नाही. उतरताना नानासो त्याला एवढंच म्हणाले, "सोमवारी सराव हाय. उशीर करशील तर बघ."

आता मी रोज नदीत असतो. शंभू मला अजून नीट पुसत नाही, उन्हात टाकतो, दगडाला रेटतो. सांगून उपयोग नाही. तो त्याच लोकांतला आहे. पण वरची मूठ त्याच्या तळहातात घट्ट बसते, आणि विश्वजीतचा हात जिथं असायचा तिथं माझं लाकूड अजून थोडं गुळगुळीत आहे. शंभूचा खालचा हात आपोआप तिथंच जातो. त्याला कुणी शिकवलं नाही.

तुम्हाला एकच सांगणं. मी कधीतरी मोडेन. मोडायलाच हवं. तेव्हा मला पुन्हा खिळ्यावर टांगू नका, कुंकू लावू नका, माझ्यासमोर हात जोडू नका. माझे तुकडे करून बंबात घाला. धाकटा सरावाहून गारठून येतो. त्याच्या अंघोळीचं पाणी तेवढं तापेल.