फ्रेंच गाडीचं डावं चाक

दादा हृदय बंद पडून गेला आणि मागे दोन छोट्या गाड्या ठेवून गेला. दोन्ही हॅचबॅक, दोन्ही दुर्मीळ, दोन्ही पळायला वेड्या. एक पुतणीनं वापरायची, दुसरी विकायची, असं वहिनीनं ठरवलं. कोणती ते मी सांगायचं. गॅरेज आम्हा दोघा भावांचं, आणि पुतणीचा काकावर डोळे झाकून विश्वास.

जपानी गाडी पंचवीस वर्षांची. इंजिन मिनिटाला सहा हजार फेऱ्यांपर्यंत सभ्य, त्यापुढे अंगात आल्यासारखं. फ्रेंच तिच्याहून पंधरा वर्षांनी म्हातारी. पॉवर स्टेअरिंग नाही, दारं पत्र्याच्या डब्याची, वळणावर अॅक्सिलरेटर सोडलात तर मागची बाजू पुढे यायला बघते. पण रस्ता कसा आहे ते हाताला कळतं. जपानी हुशार, फ्रेंच जिवंत. माझा जीव फ्रेंचवर, खोटं कशाला बोलू?

सोमवारी दोन्हींची चाकं आवळली. दादाचा नियम होता: आधी मापाच्या पान्यानं आवळायचं, मगच बोल्टाच्या डोक्यावरून चाकापर्यंत पिवळ्या रंगाची रेघ ओढायची. बोल्ट हलला की रेघ तुटते. मी रेघा ओढल्या, शटर लावलं. किल्ली एकच, माझ्या खिशात.

मंगळवारी सकाळी फ्रेंचच्या पुढच्या डाव्या चाकाच्या चारही रेघा तुटलेल्या. जपानीच्या जशाच्या तशा. फरशीवरच्या धुळीत फक्त माझ्या चपलांचे ठसे.

मी भूतबित मानत नाही. भुतालाही पाना लागतोच. पुन्हा आवळलं. बुधवारी तेच, चारही बोल्ट अगदी सारखेच फिरलेले. माझी सटकली. "दादा, आता तरी हट्ट सोड," मी रिकाम्या गॅरेजात म्हणालो. त्याला फ्रेंच विकू द्यायची नाही, असं मी धरून चाललो. मला तेच तर हवं होतं. पुतणीला फोन करून सांगितलं, फ्रेंच तुझी, शनिवारी ये.

शनिवारी सकाळी शटर वर केलं तर चारही बोल्ट फरशीवर, ओळीनं मांडलेले. पाना मात्र माझ्या खुंटीवर, मी ठेवला तसाच. एक बोल्ट उचलला. मानेपाशी बारीक चीर, चिरेत गंज. दुसऱ्यालाही तीच.

आठवलं असं म्हणणार नाही, कारण विसरलोच नव्हतो. चार वर्षांपूर्वी दादानं हेच बोल्ट बदलायला सांगितले होते. कंटाळा आला म्हणून मी नुसत्या ताज्या रेघा ओढल्या आणि बदलले म्हणून ठोकून दिलं. रेघा बघून तो शाबास म्हणाला. शेवटपर्यंत त्याच बोल्टांवर वळणं घेत राहिला.

तेवढ्यात पुतणी आली. हात पुढे करून म्हणाली, "दे किल्ली, काका. बाबा असते तर आधी सगळं त्यांनीच बघितलं असतं."

"त्यानंच बघितलंय," मी म्हणालो, आणि बोल्ट तिच्या तळहातावर ठेवून सगळं सांगून टाकलं.

ती बराच वेळ चिरेवरून नख फिरवत राहिली. मग तिनं जपानी गाडीकडे बघितलं.

"तिची चाकं कुणी लावली?"

"मीच."

तिनं बोल्ट फरशीवर ठेवला आणि चालतच घरी गेली.