घट्ट विणीची बंडी

ताईंनी धाग्याचं टोक शोधून काढलं, बोटाला एक वेढा दिला आणि ओढलं. बेकरीवाल्याने जीव तोडून विणलेली गुलाबी बंडी टेबलावर सरसर उसवत गेली.

"अहो ताई, निदान गळा तरी राहू द्या," तो म्हणाला. "गळा चांगला जमला होता."

"गळ्यातून माझी मूठ जातेय. पक्षी आहे तो, हत्ती नाही."

खोलीतल्या बायका हसल्या. बेकरीवालाही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. दिवसभर पीठ मळणाऱ्या त्या थोराड बोटांना सुया धरायला शिकवणं म्हणजे काही खायचं काम नव्हतं, आणि हे ताई स्वतःच सगळ्यांना सांगत. म्हणून काही त्यांनी हात आखडता घेतला नाही. बंडी पुरती उसवली, लोकरीचा गोळा केला आणि आपल्या पिशवीत टाकला. उद्या परत पहिल्यापासून, माझ्यासमोर बसून, म्हणाल्या.

लायब्ररीच्या मागच्या खोलीत हा उद्योग सुरू झाला तो तेल किनाऱ्याला लागल्यापासून. खोल समुद्रात कुठल्याशा जहाजाच्या पोटाला चीर गेली होती. दोन-तीन दिवसांत वाळू काळी झाली आणि बदकाएवढे समुद्रपक्षी डांबरात बुडवून काढल्यासारखे किनाऱ्यावर येऊन पडू लागले. त्यांना लगेच धुवून काढावं तर अशक्त जीव धुण्यातच दगावतो. न धुता ठेवावं तर तो चोचीने अंग साफ करत बसतो आणि ते तेल पोटात जातं. म्हणून अंगात जीव येईपर्यंत त्याला लोकरीची बंडी घालायची, म्हणजे ऊबही राहते आणि चोच तेलापर्यंत पोचत नाही. पक्षिकेंद्राला अशा बंड्या हव्या होत्या, आणि जितक्या मिळतील तितक्या कमीच होत्या.

ताई आल्या आणि या उद्योगाला शिस्त आली. सारी हयात त्यांनी शाळेत विणकाम शिकवलं होतं. त्यांच्या विणीवर पाणी ओतलं तर खाली ठिबकायचं नाही, असं गावात गमतीने म्हणत, आणि ते ताईंना आवडत असे. त्यांनी पहिल्याच दिवशी नियम घालून दिला. बंडीच्या विणीतून करंगळी आरपार गेली, की बंडी उसवायची. रोज संध्याकाळी सगळ्यांच्या बंड्या त्यांच्या करंगळीखालून जात. ज्या टिकत त्या केंद्राकडे जात. बेकरीवाल्याच्या सुरुवातीच्या चार-दोन ताई यायच्या आधीच निघून गेल्या होत्या, म्हणून वाचल्या.

खरं तर ताई आल्या त्या बोलावल्या म्हणून. आणि बोलावलं होतं धाकटीने.

धाकटी म्हणजे त्यांची सख्खी बहीण. तिलाही आता पन्नाशी उलटून गेली होती, पण ताईंच्या तोंडी ती धाकटीच. आई गेली तेव्हा ती चालायलाही शिकली नव्हती. तिचं न्हाणं-माखणं, शाळा, आजारपण, सगळं ताईंनी केलं. शिकून ती बाहेर पडली ती पडलीच. किनाऱ्यावरच्या या पक्षिकेंद्रात नोकरीला लागून तिला कितीतरी वर्षं झाली होती. बसने तासाभराचं अंतर, पण ये म्हणून तिने कधी म्हटलं नाही आणि न बोलावता ताई कधी गेल्या नाहीत. ती नेमाने फोन करी, गोळ्या घेतल्यास का विचारी, थंडी फार आहे का विचारी आणि फोन ठेवी. भांडण असं कधी झालंच नव्हतं. भांडण झालं असतं तर बरं, ते मिटवता तरी येतं, असं ताईंना अलीकडे वाटायचं.

आणि अशी ही धाकटी एका सकाळी फोनवर म्हणाली, ताई, तुझी मदत हवी होती. ताईंचे पाय जमिनीला लागेनात. किराणावाला, लायब्रेरियन, जिन्यात भेटलेली शेजारीण, कुणी विचारो न विचारो, माझ्या बहिणीने मला मुद्दाम बोलावलंय हे त्यांनी प्रत्येकाला ऐकवलं. आता ही बंड्यांची गाडी नीट चालली, की कधीतरी ती म्हणेल, ये ना इकडे, बघून जा. एवढंच त्यांना हवं होतं.

फोनवर ती एकदा-दोनदा म्हणालीही होती, ताई, जरा सैल विणलं तरी चालेल हं.

"चालतंय म्हणून चालवायचं नसतं," ताई म्हणाल्या होत्या. "तू तुझ्या पक्ष्यांचं बघ. विणीचं मी बघते."

त्यावर ती गप्प बसली होती. ताईंना त्यात काही वावगं वाटलं नाही. ती लहानपणापासून अशीच, सांगितलं की ऐकणारी. एकच खोड होती, ती डावरी होती. जेवायला डावा, लिहायला डावा, सुईही डाव्या हाताने चालवायची. ताई हात धुऊन त्या खोडीच्या मागे लागल्या. आईविना वाढलेल्या पोरीला वळण नाही, असं कुणी म्हणू नये, ही त्यांना धास्ती. एकदा विणकामाच्या तासाला पोरीने दप्तरातून मफलर काढला. चोरून विणलेला, ताईंच्या वाढदिवसासाठी. टाके उलट्या अंगाने कललेले, वीण ढिली, जागोजागी भोकं. ताईंनी सगळ्या वर्गासमोर तो उसवला, गोळा करून तिच्या हातात दिला आणि म्हणाल्या, उजव्या हाताने करून आण, मग गळ्यात घालीन. पोरगी रडली नाही. मफलर मात्र परत कधी झाला नाही, आणि तिने पुन्हा सुया हातात घेतलेल्या ताईंनी पाहिल्या नाहीत. ही गोष्ट ताई पुढच्या सगळ्या वर्गांना सांगत. आणि आता तिचं अक्षर बघा, मोत्यासारखं, असा तिचा शेवट असे.

गुलाबी बंडी उसवली त्याच्या दुसऱ्या दिवशी बंड्या न्यायला केंद्राची गाडी आली नाही. चालकाची पाठ धरली होती म्हणे. बायका म्हणाल्या, उद्या पाठवू. ताई म्हणाल्या, पक्षी काय उद्यापर्यंत थांबणार आहेत? निमित्त हवंच होतं, ते आयतं चालून आलं. त्यांनी निवडून ठेवलेल्या बंड्या पिशवीत भरल्या, ठेवणीतली शाल काढली आणि बस धरली. धाकटीला फोन केला नाही. ती नको म्हणाली असती तर?

केंद्र म्हणजे बंद पडलेला एक बर्फाचा कारखाना होता. आत गेल्या गेल्या मासे, साबण आणि रॉकेल यांचा मिळून एक वास नाकात शिरला. भिंतीलगत पुठ्ठ्याची खोकी मांडली होती, त्यांवर उबेसाठी तांबडे दिवे टांगलेले, आणि खोक्या-खोक्यांत एकेक पक्षी. बंडी घातलेला पक्षी ताई पहिल्यांदाच पाहत होत्या. त्यांना हसूही आलं आणि गलबलूनही आलं. पण बंड्या कसल्या! एकीचा खांदा उतरलेला, एकीची पट्टी लोंबतेय, एक तर चक्क पोत्यासारखी. आणि त्या कोपऱ्यातल्याच्या अंगावर गुलाबी! बेकरीवाल्याची ती कला ताईंनी लांबूनच ओळखली. काही पक्ष्यांच्या अंगावर तेवढंही नव्हतं. त्यांना जुन्या टॉवेलात गुंडाळून वर सुतळी बांधली होती. त्यातला एक चोचीने ती सुतळी सोडवत होता.

आपल्या बाटलीहिरव्या लोकरीची एकही बंडी ताईंना दिसली नाही. त्यांनी परत पहिल्या खोक्यापासून बघत आणलं. एकही नाही. मग त्यांची नजर वर गेली. फळीवर एक मोठं खोकं होतं आणि त्यात नीट घड्या घालून सगळ्या बंड्या ठेवलेल्या होत्या. हिरव्या त्यांच्या स्वतःच्या, बाकीच्या करंगळीखालून पास झालेल्या.

पक्ष्यांचे डॉक्टर हात पुसत आले. ताईंना ते ओळखत नव्हते, आणि ताईंनीही सांगितलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, की इथे पक्षी टॉवेलात आहेत आणि वर बंड्या पडून आहेत, हे कसं काय?

"त्या नाही चालत हो, काकू," डॉक्टर म्हणाले. "काम सुरेख आहे, पण वीण फार घट्ट आहे. श्वास घेताना पक्ष्याची छाती फुगते, तिला जागाच नाही राहत. आल्या त्याच दिवशी घातल्या होत्या आम्ही."

"मग?"

"दोन गेले. तसे तेलानेही गेले असतील, सांगता येत नाही."

ताईंनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. डॉक्टर दमलेले होते आणि दमलेला माणूस विचारलं नाही तेही बोलतो. सैल बंड्या फार थोड्या येतात, म्हणाले. आधी आल्या होत्या काही, कुणीतरी भोकाभोकाचं विणणारा आहे, त्याच्या एकदम झकास बसतात. मग का कुणास ठाऊक, त्या यायच्याच बंद झाल्या. ताईंच्या पिशवीत तळाशी गुलाबी गोळा होता.

"अहो, पण मग कळवायचं तरी," त्या म्हणाल्या. आवाज चढला होता, तो त्यांनी खाली आणला. "या घट्ट बंड्या परत का नाही पाठवल्या?"

"मी म्हटलं होतं. आमच्या बाईंनी नको म्हटलं. त्यांच्या बहिणीने विणल्यात त्या." डॉक्टरांनी टॉवेलातल्या पक्ष्याची सुतळी परत बांधली. "म्हणाल्या, आपण विणलेलं कुणी परत हातात दिलं ना, की पुन्हा सुया धरवत नाहीत. राहू देत फळीवर."

इतकी वर्षं मोत्यासारखं अक्षर, मोत्यासारखं अक्षर म्हणून ज्या सांगत आल्या, त्या ताईंना तिथे शेडमध्ये उभं राहून पहिल्यांदा लाज वाटली. कुणी अंगावर ओरडलं असतं तर त्यांनी दोन शब्द ऐकवले असते. इथे तर धाकटीने त्यांना सांभाळून घेतलं होतं.

बाई कुठे आहेत, असं त्यांनी विचारलं. मागे असतील, जेवणाची सुट्टी आहे, डॉक्टर म्हणाले.

मागच्या दारापाशी ताई थांबल्या. बाहेर उन्हात, उलट्या टाकलेल्या टबावर धाकटी पाठमोरी बसली होती. केस केवढे पांढरे झाले होते तिचे! शेजारी डबा होता, न उघडलेला. मांडीवर बाटलीहिरवी लोकर होती, उसवलेल्या लोकरीला असतात तशा बारीक वळ्या पडलेली. आणि धाकटी विणत होती. डाव्या हाताने, न बघता, भराभर. टाके ढिले पडत होते, सगळे सारखे ढिले. विणकाम काय असतं ते ताईंना कळत होतं. हे दोन दिवसांत आलेलं नव्हतं. हा हात कितीतरी वर्षं विणत आला होता. कुणासाठी, कुठे, ते त्यांना माहीत नव्हतं.

ताईंची चप्पल वाजली. धाकटीने मान वळवून पाहिलं, आणि काही कळायच्या आत तिने सुया पालटल्या. डाव्या हातातली उजव्यात, उजव्यातली डाव्यात. मग ती तशीच अवघडून बसून राहिली, सुई उजव्या हातात धरून. पन्नाशी उलटलेली बाई, आणि चेहरा विणकामाच्या तासातला.

"ताई, तू कशी काय?" ती म्हणाली. "हे... तुझं चांगलंच होतं. फक्त मापात जरासं..."

"डॉक्टरांनी सांगितलं मला."

धाकटी खाली बघू लागली. ताईंना पुष्कळ काही बोलायचं होतं. पण त्या बोलत्या तर धाकटीनेच उठून त्यांची समजूत काढली असती, हे त्यांना कळलं. त्यांनी पिशवीतून गुलाबी गोळा काढून तिच्या मांडीवर ठेवला.

"ही बेकरीवाल्याची. चांगली झाली होती, मी उसवली. त्याला मी सांगते काय ते."

मग त्या आत गेल्या आणि फळीवरचं खोकं उतरवून घेऊन आल्या. दुसरा टब ओढला. धाकटी बघत होती. सुई अजून उजव्या हातातच होती आणि एक टाकाही पुढे गेला नव्हता.

"तू विण," ताई म्हणाल्या. "मी उसवते. ते मला येतं."

धाकटी हसली नाही. ताईंनी आपला टब उचलून जरा फिरवून ठेवला, भिंतीकडे तोंड आणि धाकटीकडे पाठ होईल असा, आणि बसल्या. पहिली हिरवी बंडी हातात घेतली. टोक मुश्किलीने सापडलं, इतकं पक्कं दाबून बंद केलेलं होतं. ओढलं तर धागा लवकर निघेना.

बराच वेळ मागे काहीच आवाज नव्हता. मग सुयांचा आवाज सुरू झाला, आधी थांबत थांबत, मग भराभर. ताई भिंतीकडे बघत गोळा गुंडाळत राहिल्या. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.