गेबचे पाय

संघाच्या मॅनेजरने, डफीने, सकाळीच गेबला आणि त्याची बायको म्हणून मला बोलावून सांगितलं होतं. वरच्या श्रेणीतल्या बेसबॉल संघाचा तिसरा बेस सांभाळणारा खेळाडू जखमी झालाय, मंगळवारी इथून एक जण जाणार.

"तू नाहीतर कोल्बी. त्यांचा खेळाडू निवडणारा माणूस आज जाळीमागे बसलेला असेल. नाही निवडलं, तर पुढच्या वर्षी तुला इथंही जागा नाही, गेब. वय चौतीस झालं रे."

सोळा वर्षं माझा नवरा गावोगावच्या छोट्या संघांत खेळला. त्याची ख्याती एकच, वाईट चेंडूला तो बॅट लावत नाही. चार वाईट चेंडू सोडायचे आणि फुकटात पहिल्या बेसवर चालत जायचं. लोक चिडवायचे, "अरे, बसची वाट बघतोयस का?"

शेवटचा डाव आला तेव्हा आम्ही एका धावेने मागे होतो. तिन्ही बेसवर आमची माणसं, दोन गडी बाद, आणि खेळायला गेब. तीन चेंडू वाईट, दोन चांगले. आता चौथा वाईट आला तर गेब चालत पहिल्या बेसवर, पुढचे सगळे एकेक बेस सरकणार आणि बरोबरी; तिसरा चांगला आला आणि सोडला तर गेब बाद, सामना गेला. माझ्या बोटांत जपमाळ होती, पण कितवा मणी चाललाय ते कळत नव्हतं.

"मार ना रे, म्हाताऱ्या!" मागून कुणीतरी ओरडलं.

चेंडू खाली, बाहेरच्या कडेला आला. गेबने सोडला.

"बॉल!" पंच म्हणाला, म्हणजे वाईट चेंडू.

माझ्या शेजारी कोल्बीची बायको शेल्बी बसली होती. तिचा चेहरा पडला. मी उठून उभी राहिले.

आता नुसतं चालायचं होतं. पंचाचा निर्णय पटला नाही तर मागे बसून चेंडू झेलणाऱ्या कॅचरने दोन सेकंदांत स्वतःच्या डोक्यावर थोपटायचं, मग कॅमेरा सांगतो चेंडू कुठून गेला. समोरच्यांकडे अशी एकच संधी उरली होती. त्यांचा कॅचर, यॉर्मन नावाचा कोवळा पोरगा, हात अर्धा उचलून गेबच्या पायांकडे बघत होता. सगळे कॅचर तेच करतात. गेबची नजर चुकत नाही हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून तो निघाला की कुणी डोक्याला हात लावत नाही.

गेब निघाला नाही.

"चल!" मी ओरडले. एरवी चर्चमध्येसुद्धा माझा आवाज कुणाला ऐकू येत नाही.

यॉर्मनने डोक्यावर थोपटलं. मोठ्या पडद्यावर चेंडू चांगल्या चेंडूच्या चौकटीची कड घासून गेलेला दिसला, म्हणजे चांगलाच. गेब बाद. सामना संपला. जाळीमागचा माणूस उठला आणि कोल्बीचा हात हातात घेऊन बोलत राहिला.

गाडीपाशी यॉर्मन धावत आला. "दादा, तुम्ही चालला असता तर मी थोपटलं नसतं!"

"ठाऊक आहे."

"मग?"

"चेंडू आत होता रे."

पोरगा गोंधळून माझ्याकडे बघू लागला.

"पंच बाहेर म्हणाला होता, गेब," मी म्हणाले. "तू काहीच खोटं बोलला नव्हतास. नुसतं चालायचं होतं."

"पाय उचलेनात गं."

मी त्याच्या हातातून किल्ली घेतली. "सरक. मी चालवते."

नदीवरचा पूल आला. पुलावर त्यानं विचारलं, "चिडलीस?"

"हो," मी म्हणाले.