गांडुळांचं घर झालेला कूलर

मित्रांनो, मागच्या अंगणातल्या कोपऱ्यात मला उभा पाहून तुम्ही म्हणाल, हा तर एक जुना, गंजका कूलर. भंगारात द्यायचा राहून गेला असेल. कूलर मी आहेच, पण माझ्या पोटात आता पंखा नाही आणि पाण्याचा पंपही नाही. तिथे लाल गांडुळं राहतात. घरातल्या भाजीची देठं, केळ्याची सालं, चहाचा चोथा खातात आणि त्याची काळीभोर माती करतात.

माझा जन्म चंडीगडमधल्या एका पत्रेवाल्याच्या दुकानात झाला. त्यानं मला ठोकून ठोकून आकार दिला. तीन बाजूंना जाळीचे दरवाजे बसवले, वर उचलले की सुटे होणारे. पुढे पंख्यासाठी मोठं गोल तोंड ठेवलं. तेव्हा माझा रंग पांढरा होता.

मला संपदानं विकत घेतलं. ती बार्शीची. इथल्या एका मोठ्या रुग्णालयात भूल देणारी डॉक्टर म्हणून नुकतीच रुजू झाली होती आणि सेक्टर २२ मध्ये तळमजल्यावर भाड्यानं राहत होती. मे-जूनमध्ये इथे लू सुटते, भट्टीतल्यासारखा गरम वारा. भिंतीसुद्धा तापतात. तेव्हा मी दिवसभर घुमत असे आणि संपदा ड्यूटीवरून आली की थेट माझ्यासमोर येऊन बसत असे. तिच्या लेकीला, कश्मिराला, पहिल्या उन्हाळ्यात माझ्याच वाऱ्यात झोप लागायची. "हा कूलर नसता तर माझं काही खरं नव्हतं," असं संपदा फोनवर सांगायची, तेव्हा माझा पंखा जरा जास्तच जोरात फिरतोय असं मला वाटायचं.

मग भिंतीवर एसी आला. मला मागच्या अंगणात नेऊन ठेवलं. पाऊस पडला, पत्रा गंजला, पंख्यावर कोळ्यांनी जाळी विणली. माझ्याकडे कोणी बघेना. येता-जाता ओल्या चपला तेवढ्या माझ्यावर वाळत पडायच्या.

त्यातून मला बाहेर काढलं ते श्यामकांत आजोबांनी. ते संपदाचे वडील. बार्शीच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. आजी गेल्यावर संपदा त्यांना इकडे घेऊन आली. तिचा नवरा हवाई दलात, त्याची बदली दूर आसामात झालेली. घरात मायलेकी दोघीच. आजोबांना इथे ओळखीचं माणूस नव्हतं आणि हिंदी बोलताना ते अडखळत. एके दिवशी त्यांनी दुधाच्या पिशव्यांबरोबर मटारची टरफलं कचऱ्यात जाताना पाहिली आणि म्हणाले, "संपदा, हे जेवण आहे गं. फक्त खाणारा पाहिजे."

दुसऱ्या दिवसापासून ते माझ्यामागे लागले. पंखा काढला, माझं छप्पर कापून त्याचं बिजागरीचं झाकण केलं. गोल तोंडावर तारेची जाळी ठोकली. तळाशी विटांचे तुकडे, त्यावर वाळका पाला, फाडलेली वर्तमानपत्रं आणि जुनं शेण घातलं. मग रोपवाटिकेतून आणलेली मूठभर गांडुळं सोडून वर ओलं गोणपाट पांघरलं.

"छी, ये तो कीड़े हैं," कश्मिरा म्हणाली. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर ती हिंदीतच देते.

"किडे नव्हेत. पाहुणे आहेत," आजोबा म्हणाले. "यांना तिखट, तेलकट, शिजवलेलं चालत नाही. ऊन चालत नाही. एवढं सांभाळलं की झालं."

कश्मिरा महिनाभर लांबूनच बघत होती. मग तिनं एक गांडूळ तळहातावर घेतलं आणि त्यानंतर ती रोज शाळेतून आल्यावर विचारू लागली, "आज क्या खाया इन्होंने?" माझ्या तळाच्या भोकातून तपकिरी पाणी ठिबके, ते ती जास्वंदीला घाली. शेजारपाजारच्या बायका खत मागायला येऊ लागल्या. मित्रांनो, ते दिवस माझे पंख्याच्या दिवसांपेक्षाही चांगले होते.

पण काहीतरी बिघडत चाललं होतं, आणि ते फक्त मला कळत होतं.

पूर्वी आजोबा सफरचंदाच्या सालीवरचा छोटा चिकट कागदसुद्धा नखानं काढून टाकत. आता तसले कागद माझ्या पोटात येऊ लागले. मग रबर आले. एकदा चहाचा चमचा आला. झाकण उघडताना त्यांचा हात आधी माझ्या कडेवरून चाचपत यायचा. पाण्याची झारी माझ्या बाहेरच रिती व्हायची आणि त्यांना ते पाय ओले झाल्यावर कळायचं. संपदा सकाळीच जायची, संध्याकाळी थकून यायची. आजोबा तिच्यासमोर वर्तमानपत्र उघडून बसायचे. पान मात्र उलटत नसत.

श्रावणातल्या पावसात माझ्या तोंडावरची जाळी गंजून एका बाजूनं फाटली. आजोबांना ते दिसलं नाही. सालींच्या भांड्यात कधी आदल्या दिवशीचा भात, कधी भाजी राहून जायची, तीही ते माझ्यात ओतायचे. तो वास हवेत पसरला. मग फाटक्या जाळीतून एक उंदीर आत आला आणि त्यानं वाळक्या पाल्यात घर केलं.

आणि उंदराच्या मागावर, पाऊस पडून गेलेल्या एका सकाळी, नाग आला.

जाळीच्या भोकातून तो सावकाश आत उतरला. उंदराची चूंचूं एकदाच ऐकू आली. मग त्यानं गोणपाटाखाली, ओलसर उबेत, वेटोळं घातलं आणि तो निवांत पडून राहिला.

मी काय करणार? ऊन तापलं की माझा पत्रा टणटण वाजतो. तो वाजला असता तर कदाचित नाग हलला असता, निघून गेला असता. पण त्या दिवशी आभाळ गच्च भरलेलं होतं. पत्रा गारच राहिला.

आजोबा सालींचं भांडं घेऊन आले. कश्मिरा गणवेशात पायरीवर बसून बुटांच्या नाड्या बांधत होती. संपदा आत केस विंचरत होती. आजोबांचा हात माझ्या कडेवरून चाचपत आला. त्यांनी झाकण उघडून भिंतीला टेकवलं, गोणपाटाचं टोक दुमडलं आणि ओल बघायला मनगटापर्यंत हात मातीत घातला.

गोणपाटाच्या दुसऱ्या टोकाखाली वेटोळं सैल झालं.

काहीतरी गार आणि गुळगुळीत आजोबांच्या हातावरून सरकू लागलं. ते थांबले.  मान वाकवून ते आतल्या अंधारात हाताकडे बघत राहिले आणि मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "कश्मिरा. जवळ येऊ नकोस. तिथूनच उभी राहून बघ. माझ्या हातावर काय आहे?"

कश्मिरा उठली. 

"आजोबा, साँप है."

"तोंड कुठे आहे त्याचं?"

"कोने में. आपके हाथ के ऊपर से जा रहा है." तिनं आजोबांकडे पाहिलं. "आपको दिख नहीं रहा?"

"नाही दिसत, बाळ. तू सांगत राहा."

ती रडली नाही. तिनं विचारलं, "मम्मा को बुलाऊँ?"

"बोलव. पण पळू नकोस. पाय वाजवू नकोस."

कश्मिरा अर्धवट बांधलेल्या बुटानं पाऊल न वाजवता आत गेली. तेवढा वेळ अंगणात आम्ही तिघंच होतो. आजोबा, नाग आणि मी. आजोबांच्या कपाळावरून घाम निथळत होता, पण हात हलला नाही. त्यांच्या बोटांमध्ये गांडुळं वळवळत होती. त्यांना कशाचीच कल्पना नव्हती.

संपदा अर्धी वेणी तशीच सोडून दारात आली. तिनं पाहिलं. क्षणभर तिनं चौकट घट्ट धरली. मग ती कश्मिराच्या कानाशी वाकली. "तू इथेच, पायरीवर. तो काय करतो ते फक्त सांग." आणि ती भिंतीच्या कडेनं माझ्या पलीकडच्या बाजूला आली.

दर उन्हाळ्यात कितीदा तरी तिनं माझे हे दरवाजे काढले होते, गवताच्या गाद्या बदलायला. नाग होता त्या कोपऱ्याकडचा दरवाजा सुटा झाला तर नागाला आजोबांपासून दूर, बाहेर जायला वाट मिळणार होती. तिनं दोन्ही हातांनी पत्रा धरला आणि हळूहळू वर उचलू लागली.

पण मी गंजलो होतो. मध्यावर दरवाजा अडकला आणि करकरला.

"मम्मा, रुको," कश्मिरा कुजबुजली. "फन निकाला है."

गोणपाट बाजूला सरून नाग फणा काढून वीतभर उभा राहिला होता. आजोबांच्या कोपरापासून जेमतेम हातभर अंतरावर. संपदाच्या हातात दरवाजाचं सगळं वजन आलं होतं. तिला तो वर नेता येईना आणि खाली सोडताही येईना. तिचे दंड थरथरू लागले. ते थरथरणं माझ्या पत्र्यात उतरत होतं आणि तोच मला सगळ्यात मोठा धोका वाटत होता.

"बाबा, हलू नका," ती म्हणाली.

"नाही हलत. तू घाई करू नकोस."

"अभी भी ऊपर है," कश्मिरा सांगत होती. "इधर देख रहा है. अभी भी... अब नीचे हो रहा है. नीचे गया, मम्मा."

संपदानं एकही झटका न देता, दात आवळून, उरलेला दरवाजा वर ओढला. तो सुटला. माझ्या पोटातली ओली माती भसकन बाहेर ढासळली आणि तिच्याबरोबर नागही वळला. मातीच्या ढिगावरून सळसळत तो कुंड्यांच्या मागे गेला.

"गया. गमलों के पीछे," कश्मिरा म्हणाली.

"बाबा, काढा आता हात."

आजोबांनी हात काढला. संपदानं तो दोन्ही हातांत घेतला, बोटं उलटसुलट करून पाहिली, कोपरापर्यंत एक एक इंच तपासली. कुठेही दात लागला नव्हता. मग तिनं त्यांना पायरीवर नेऊन बसवलं.

साप पकडणाऱ्या माणसाला फोन गेला. तो येईपर्यंत तिघंही पायरीवर, कुंड्यांवर नजर ठेवून बसली. त्यानं लांब आकड्यानं नाग पिशवीत घेतला, "पूरा जवान नाग था जी," एवढंच म्हणाला आणि जंगलात सोडायला घेऊन गेला.

तेवढ्यात ढग फाटले आणि ऊन आलं. फरशीवर पसरलेल्या ढिगातली गांडुळं तडफडू लागली.

"ती मरतील," आजोबा म्हणाले आणि चाचपत खाली वाकू लागले.

"मरू देत," संपदा म्हणाली.  "आजच कबाडीला बोलावून हा कूलर भंगारात देते. पुरे झालं हे. बाबा, माझ्याकडे बघा. किती बोटं आहेत?"

"दोन."

तिनं हात डावीकडे नेला. "आता?"

आजोबा समोरच बघत राहिले.

"कधीपासून?"

"दिवाळीपासून. आधी कडेचं दिसेनासं झालं. मग वाढत गेलं."

"मी रोज लोकांच्या डोळ्यांवर टॉर्च मारून बघते, बाबा. घरात डॉक्टर असून तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर तू मला खुर्चीत बसवून ठेवलं असतंस," आजोबा म्हणाले. "इथे मला एवढं एकच काम आहे, संपदा."

संपदानं त्यांच्या मातीनं भरलेल्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो. बसवूनच ठेवलं असतं."

खोटं बोलणं तिला सोपं होतं. पण ती खोटं बोलली नाही.

ही दोघं बोलत होती तेव्हा कश्मिरानं केरभरणी आणली होती आणि ती एकटीच गांडुळं सावलीत ओढत होती. गणवेश चिखलानं भरला होता, शाळेची वेळ टळून गेली होती. संपदानं तिच्याकडे पाहिलं. पदर खोचावा तशी ओढणी कमरेला बांधली, आजोबांचा हात धरून त्यांना ढिगाजवळ बसवलं, हातात खुरपं दिलं आणि म्हणाली, "तुम्ही माती ओढा. वेचायचं आम्ही बघतो."

पुष्कळ गांडुळं मेली. पुष्कळ वाचली.

आजोबांना काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली थेंबांनी टिकेल, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं. थेंब घालायचं काम संपदानं स्वतःकडे घेतलं आहे. माझ्या तोंडावर नवी, जाड जाळी बसली. आता भांड्यातली सालं आधी कश्मिरा निवडते, झाकण काठीनं वाजवून मगच उघडते आणि आत काय दिसतं ते सांगते. मग आजोबा खुरप्यानं माती परततात. ओल किती आहे ते अजून त्यांच्याइतकं कोणालाच कळत नाही. कधी कधी दोघांचं भांडण होतं. ती म्हणते पाणी कमी, ते म्हणतात पुरे.

मित्रांनो, घरातल्या सालींना मातीत परत जाऊ द्या. आमच्यासारख्या जुन्या वस्तूंना काम द्या, आणि दिलंत तर त्यांची फाटकी जाळीही वेळेवर शिवा. पण माझी खरी विनंती वेगळी आहे. घरात कोणी आजी-आजोबा असतील, त्यांच्या हातून चमचा कचऱ्यात गेला, पाणी भांड्याबाहेर सांडलं, तर हसू नका आणि रागावूही नका. जवळ जाऊन बसा आणि विचारा, "तुम्हाला नीट दिसतं ना?" आणि ते नाही म्हणाले, तर त्यांच्या हातातलं काम काढून घेऊ नका. त्यांच्या शेजारी उभे राहा आणि काय दिसतं ते सांगत राहा.