धवलारिणीला छाटायचे नव्हते

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे आणि जुना झाल्याचे मला काडीचेही दुःख नाही. २००८ साली पनवेलमध्ये माझे सुटे भाग जोडले गेले. तेव्हापासून मी कमरुद्दीनभाईंच्या व्हिडिओच्या दुकानात आहे. माझ्यावर काम करायची त्यांची मुलगी नाझिया.

लग्नाच्या चित्रीकरणातले नको ते छाटायचे, ही आमची खासियत. जांभई देणारा भटजी, ताटावर वाकलेले पाहुणे, लोंबणाऱ्या वायरी! चौकट आत ओढली की सगळे गायब. मग नाझिया कडा मऊ करायची, म्हणजे छाटल्याची रेघ न दिसता चित्र फुलांच्या नक्षीत विरून जाई. लोक वाहवा करत आणि मी उगाच फुगत असे.

२०११ साली ओवे गावच्या प्रणितचे लग्न आले. हळदीच्या चित्रणात त्याच्या शेजारी हौसामावशी बसली होती. ती धवलारीण. आगरी लग्नात धवलारीण धवले, म्हणजे विधींची गाणी, गाते आणि तिच्या गाण्याशिवाय नवऱ्याला हळद लागत नाही. चाळीस वर्षे ती गात आली होती, पण एकाही कॅसेटमध्ये कुणी तिला धड दाखवले नव्हते. या वेळी तिने शेजारणींना सांगून ठेवले होते, मी टीव्हीत येणार.

प्रणितचे वडील बळीराम दुकानात आले. "सुनेचं माहेर खारघरच्या टॉवरमधलं हाय. त्यांना हिचं विटकं लुगडं कशाला दाखवायचं? बाईला काढ. गानी मात्र ऱ्हाऊंदे."

नाझियाने उजवी बाजू आत ओढली. मावशी गेली. पण ती गाता गाता नवऱ्याला हळद लावत होती, त्यामुळे तिचा हात पुन्हा पुन्हा चौकटीत येई. मऊ कडेपाशी तो मनगटापासून धूसर होऊन तुटल्यासारखा दिसे. मला स्वतःची किळस आली. मी दोनदा बंद पडलो. लोक म्हणतात हँग झालो. मी म्हणतो, अडून बसलो.

तिसऱ्यांदा चित्र सुरू झाले. बळीराम बघत होते, तेवढ्यात हौसामावशीच दारात आली. पडद्याकडे बघत उभी राहिली.

"आवाज तं माजा हाय," ती म्हणाली. "मंग मी कुठं हाय गो?"

"मावशे, कॅमेऱ्यान तू आलीच नाय," बळीराम घाईघाईने बोलले.

खोटे! मी कधीच काही कापत नाही, फक्त झाकतो. मूळ चित्रण माझ्या पोटात अख्खे होते, हे नाझियाला ठाऊक होते. तिने चौकट सरळ पूर्ण उघडली. मावशी आली, विटक्या लुगड्यासकट, हळदीने माखलेल्या हातांसकट.

"काका, मावशी आल्या आहेत," नाझिया म्हणाली. "त्यांना काढायचं असेल, तर आवाजही काढते. सांगा."

"बिनधवल्यांची हलद?" बळीराम चपापले. मावशीकडे बघायची त्यांना हिंमत झाली नाही. "नको. ऱ्हाऊंदे तिला."

आज नाझियाकडे नवा लॅपटॉप आहे आणि मी टेबलाखाली धूळ खातो. भंगारात द्यायचे तर खुशाल द्या, मी हात जोडणार नाही. जोडेन ते एकाच गोष्टीसाठी. मित्रांनो, ज्याचे गाणे तुम्हाला हवे आहे, त्याला चौकटीत बसायला जागा द्या. नाहीतर गाणेही मागू नका.